मेल्यावर फरशीनेच तुमच्या पायांची नावं विचारली तर?

समजा तुम्ही मेलात. शुभ बोल रे नाऱ्या म्हणाल, पण जरा ऐका तरी. समजा तुम्ही सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधले एक बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी कारकून आहात, मेलात, देहाला नॅट्रॉन नावाचं मीठ लावून, वाळवून, पट्ट्या गुंडाळून सत्तर दिवसांनी तुम्हाला थडग्यात ठेवलं, आणि आता तुम्ही खाली एका मोठ्या दालनाच्या दारात उभे आहात जिथे तुमचा निकाल लागणार आहे. आत पाऊल टाकायला जाता तर दाराची चौकट म्हणते, माझं नाव सांग मग सोडते. सांगितलंत. मग कडी म्हणते माझं सांग. मग उंबरा. सगळ्यांची सांगून झाली, हुश्श केलंत, आणि आता खालची फरशी बोलायला लागते, माझ्यावरून चालू देणार नाही. का गं बाई, मी तर शुद्ध आहे. तर म्हणते, ज्या पायांनी चालणार त्या पायांची नावं मला माहीत नाहीत, ती सांग आधी.

हे मी रचलेलं नाहीये. ज्याला जग 'बुक ऑफ द डेड' म्हणतं त्यातल्या १२५ नंबरच्या मंत्रात हा संवाद आहे, आणि उजव्या पायाचं नाव वेगळं, डाव्याचं वेगळं, दोन्ही पाठ पाहिजेत. मला हा सगळा विषय या फरशीमुळे आवडायला लागला. त्याआधी माझ्यासाठी इजिप्त म्हणजे लहानपणी बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या म्युझियममध्ये काचेच्या पेटीत बघितलेली ममी, आणि ती बघून रात्री झोप न लागणं, इतकंच होतं.

तर आधी ते नावच बाजूला ठेवू. 'मृतांचं पुस्तक' हे नाव इजिप्तच्या लोकांनी दिलेलंच नाही, ते १८४२ मध्ये लेप्सियस नावाच्या जर्मन अभ्यासकाने दिलं, इटलीत तुरीनला असलेली पपायरसची, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदाची, एक लांबलचक गुंडाळी छापताना. त्यानेच त्यातल्या मजकुरांना नंबर दिले, १ ते १६५, पुढे दुसऱ्यांनी भर घातली आणि आता साधारण दोनशे मंत्र मोजतात. इजिप्तचे लोक स्वतः याला जे म्हणायचे त्याचा अर्थ होतो 'दिवसा बाहेर पडण्याचे मंत्र'. म्हणजे मेलेल्याने थडग्यात कोंडून पडायचं नाही, सकाळी बाहेर पडायचं, ऊन खायचं, फिरायचं आणि रात्री परत आपल्या देहात येऊन झोपायचं. हे फिरणारं जे काही असतं त्याला ते 'बा' म्हणायचे आणि चित्रात तो पक्षी असतो, धड पक्ष्याचं आणि तोंड त्या माणसाचं. दुसरा एक 'का' असतो, तो थडग्यातच असतो आणि त्याला खायला लागतं, म्हणून पाव, बिअर, बदक वगैरे ठेवायचे. आत्मा एकच असतो या हिशेबाने हे समजून घ्यायला गेलात तर डोकं गरगरतं, त्यामुळे माणसाचे बरेच भाग असतात आणि मेल्यावर ते विखुरतात, त्यांना परत एकत्र आणायचं असतं, इतकं धरून चाला.

आणि हा काही धर्मग्रंथ नव्हता. कुणी बसून पारायण करायचं, प्रवचन द्यायचं, असलं काही नाही. परीक्षेला जाताना खिशात लपवलेली चिठ्ठी असते ना, साधारण तसं. कुठल्या वळणावर कोण भेटेल, त्याचं नाव काय, त्याला काय उत्तर द्यायचं. नाव माहीत असलं की समोरचा तुमच्या ताब्यात, नसलं की तुम्ही त्याच्या ताब्यात, हे या सगळ्याचं मूळ आहे. शब्द त्यांच्या लेखी नुसता आवाज किंवा शाई नव्हती, लिहिलं म्हणजे ती गोष्ट तिथे आलीच.

हे किती शब्दशः घ्यायचे ते बघायचं तर एक हजार वर्षं अजून मागे जावं लागेल. कैरोच्या दक्षिणेला सक्कारा म्हणून जागा आहे, तिथे उनास राजाचा पिरॅमिड आहे, इसवी सनापूर्वी २३५० च्या आसपासचा. बाहेरून आज अगदीच ढासळलेला, मातीच्या ढिगासारखा दिसतो, गीझाच्या त्या प्रचंड पिरॅमिडांपुढे कुणी ढुंकूनही बघणार नाही. पण गीझाचे मोठे पिरॅमिड आतून कोरे आहेत, मंत्राची एक ओळ नाही, आणि उनासच्या आत १८८१ मध्ये गॅस्टन मास्पेरो हा फ्रेंच अभ्यासक शिरला तेव्हा भिंतीच्या भिंती अक्षरांनी भरलेल्या, उभ्या रांगांत कोरलेली चित्रलिपी, त्यात निळा रंग भरलेला आणि वर छताला चांदण्या. यांना पिरॅमिड टेक्स्ट्स म्हणतात आणि मेलेल्यांसाठीचं इतकं जुनं आणि इतकं मोठं लिखाण जगात दुसरं नाही. त्यात राजाला सांगितलंय की उनास, तू मरून गेलेला नाहीस, जिवंत निघून गेला आहेस. एका मजकुरात तर राजा आकाशात जाऊन देवांनाच खातो, मोठे देव सकाळच्या जेवणाला, मध्यम आकाराचे संध्याकाळी, आणि छोटे रात्रीला, म्हातारे देव नि देवी चुलीत जाळायला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं भाषांतर चुकलं असेल. नाही चुकलेलं.

पण मला सांगायची होती ती वेगळीच गोष्ट. या पिरॅमिडांतल्या मजकुरांत, जिथे देह ठेवलाय त्याच्या जवळपास, प्राण्यांची आणि माणसांची जी अक्षरं येतात ती बऱ्याचदा मुद्दाम अर्धवट काढलेली असतात. साप असेल तर मधून तोडलेला. माणूस असेल तर नुसतं डोकं आणि हात, पाय नाहीत. कारण चित्रलिपीत साप हे अक्षर लिहायचं म्हणजे सापच काढायचा, आणि काढला म्हणजे तो जिवंत होणार, भिंतीवरून उतरून राजाला चावणार! म्हणजे शुद्धलेखन पण करायचं आणि अक्षरांचे पायही कापायचे, ते कोरणाऱ्याचं काय होत असेल कल्पना करा.

हे सगळं त्या काळी फक्त राजाला, पुढे राण्यांना. मग राजसत्ता खिळखिळी झाली, प्रांतांचे सुभेदार शिरजोर झाले आणि हळूहळू हेच मंत्र, थोडे बदलून, थोडे नवे घालून, लाकडी शवपेट्यांच्या आतल्या बाजूला लिहायला लागले. याला कॉफिन टेक्स्ट्स म्हणतात, अभ्यासकांनी १,१८५ मंत्र मोजलेत. अल बरशा गावच्या काही पेट्यांच्या तळाला तर नकाशा रंगवलाय, दोन नागमोडी वाटा, वरची निळी पाण्याची, खालची काळी जमिनीची, आणि मध्ये लाल आगीचा पट्टा, म्हणजे एका वाटेवरून दुसरीवर उडी मारायची सोय नाही. आणि हा तळाला आहे म्हणजे बघा, मेलेला माणूस नकाशावरच पाठ टेकून पडलेला, उठला की वाट पायाखाली.

मग इसवी सनापूर्वी १६ व्या शतकाच्या आसपास हे पेटीवरून पपायरसच्या गुंडाळीवर आलं, आणि गुंडाळी म्हटलं की दुकान आलंच. राजालाच पाहिजे असं नाही, पैसे मोजेल त्याला मिळेल. एका नोंदीत अशा एका गुंडाळीची किंमत एक देबेन चांदी लिहिलीय, म्हणजे साधारण ९१ ग्रॅम, साध्या मजुराची अर्ध्या वर्षाची कमाई. म्हणजे मंत्र सगळ्यांना खुले झाले वगैरे जे म्हणतात ते अर्धंच खरं, शेतात राबणाऱ्याच्या वाट्याला काहीच नव्हतं, त्याला वाळूत खड्डा. ज्यांना परवडायचं त्यांच्यातही ऐपतीप्रमाणे, कुणी दहा मंत्र घेतले कुणी शंभर, कुणी रंगीत चित्रांसकट कुणी नुसती अक्षरं. आणि बऱ्याच गुंडाळ्या रेडिमेड असायच्या, नावाची जागा कोरी सोडलेली, गिऱ्हाईक आलं की त्याचं नाव तिथे भरायचं, आपल्याकडे छापील फॉर्ममध्ये 'श्री./श्रीमती' पुढे रेघ असते तसं.

सगळ्यात प्रसिद्ध गुंडाळी आहे अनी नावाच्या राजदरबारी लेखनिकाची, साधारण इसवी सनापूर्वी १२५०, पावणेचोवीस मीटरच्या आसपास लांब, आणि तिच्यातही काही ठिकाणी अनीचं नाव नंतर वेगळ्या हाताने भरल्यासारखं दिसतं. म्हणजे जन्मभर लिहिण्याचीच नोकरी केली आणि स्वतःसाठी घेतला तो रेडिमेड माल. आता ती लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती तिथे कशी गेली ते वॉलिस बज या त्यांच्याच माणसाने स्वतः लिहून ठेवलंय आणि अजिबात लाजत नाही तो. १८८८ मध्ये लक्सरला पोलिसांनी या गुंडाळ्यांचा वगैरे माल असलेलं घर सील केलं, पहारे बसवले, तर याच्या माणसांनी पहारेकऱ्यांना जेवणात गुंतवून शेजारच्या हॉटेलच्या बागेतून भिंतीला रात्री भगदाड पाडलं आणि माल काढून नेला. वर लंडनला नेल्यावर या बजने ती अखंड गुंडाळी कापून तिचे ३७ तुकडे केले, ठेवायला सोपं पडावं म्हणून. थडगं फोडणाऱ्या चोरांनाही इतकं जमलं नसतं.

या अनीला त्याच्या गुंडाळीत 'ओसायरिस अनी' म्हटलंय. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कै.' लावतात ना, तसंच काहीसं, फक्त अर्थ वेगळा. ओसायरिस हा राजा, त्याला सख्ख्या भावाने, सेतने, मारलं, पुढच्या काही कथांत तुकडे करून देशभर टाकले, बायकोने म्हणजे इसिसने ते गोळा करून पट्ट्यांनी बांधून त्याला पुन्हा उभं केलं आणि तो पाताळाचा राजा झाला. पहिली ममी तोच. त्यामुळे प्रत्येक मेलेला माणूस, बाई असली तरी, ओसायरिस होतो, म्हणजे त्याचं जे झालं तेच माझं होवो.

आता परत त्या दालनात जाऊ. फरशीला पायांची नावं सांगून तुम्ही आत आलात. समोर ४२ देव बसलेले आणि त्यांची नावं ऐकूनच घाम फुटावा, कुणी हाडं मोडणारा, कुणी सावली गिळणारा, कुणी लांब ढांगा टाकणारा. प्रत्येकाला नावाने आणि गावासकट हाक मारायची आणि आपण काय केलं नाही ते एकेक सांगायचं. अरे लांब ढांगा टाकणाऱ्या, हेलिओपोलिसहून आलेल्या, मी खोटेपणा केला नाही. अशी ४२ वाक्यं, आणि त्याआधी अजून एक मोठी यादी. खून नाही केला, चोरी नाही केली, हे तर अपेक्षितच. पण मला त्या छोट्या छोट्या गोष्टी जास्त आवडतात, तराजूचं वजन वाढवलं नाही, लेकराच्या तोंडचं दूध काढून घेतलं नाही, वाहतं पाणी अडवलं नाही, चोरून कुणाचं बोलणं ऐकलं नाही, उगाच बडबड केली नाही. नाईलच्या पुरावर जगणाऱ्या गावात भांडणं कशावरून व्हायची ते या यादीतून बरोबर कळतं. पाटाचं पाणी अडवण्यावरून आपल्याकडे काय काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको.

इथे आपल्या सगळ्यांना चित्रगुप्त आठवतो, मलाही आठवला. पण चित्रगुप्ताकडे वही आधीच लिहून तयार असते, माणूस खाली मान घालून उभा. इथे माणूस स्वतः बोलतो, आणि केलेल्या पापांची कबुली देत नाही तर न केलेल्यांची यादी वाचतो. म्हणजे पाप केलंच नाही असं ठणकावून म्हटलं की ते केलेलं नसतं! पुन्हा तेच, लिहिलं ते झालं, म्हटलं ते खरं.

फक्त एक अडचण. तुम्ही काहीही म्हणालात तरी तुमच्या आत एक साक्षीदार आहे ज्याने सगळं बघितलंय, ते म्हणजे तुमचं हृदय. इजिप्तचे लोक विचार मेंदूने करतो असं मानतच नव्हते, ममी करताना मेंदू नाकातून आकड्याने काढून टाकून द्यायचे, यकृत फुप्फुसं जठर आतडी काढून वेगळ्या चार बरण्यांत, आणि हृदय मात्र जागच्या जागी ठेवायचे. कारण ते तराजूच्या एका पारड्यात जाणार. दुसऱ्या पारड्यात माआतचं पीस, माआत म्हणजे सत्य, न्याय, जगाची घडी नीट बसलेली असणं, हे सगळं एका शब्दात. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस काटा बघतो, आयबिस पक्ष्याच्या तोंडाचा थोथ लिहून घेतो, आणि बाजूला अम्मित बसलेली असते, तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. म्हणजे त्या नदीकाठी माणूस खाणारे नि मारणारे जे जे प्राणी होते ते सगळे एकत्र शिवलेले. हृदय जड निघालं की ती गिळणार आणि तुम्ही दुसऱ्यांदा मरणार, या वेळी कायमचे. आगीत तळणं बिळणं सुद्धा आहे दुसऱ्या ग्रंथांत, पण खरी भीती ही होती, की उरणारच नाही.

मग यावर उपाय? ३० ब नंबरचा मंत्र, हिरवट दगडाच्या भुंग्यावर कोरून छातीवर पट्ट्यांत ठेवायचा. त्यात माणूस आपल्या हृदयाला गयावया करतो, माझ्या आईकडून मिळालेल्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस, तराजूवाल्यासमोर माझ्या उलटं जाऊ नकोस. सरळ साक्षीदार फोडणं आहे हे! एकीकडे सत्याचं पीस आणि दुसरीकडे छातीवर हा दगड, आणि यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं. काही लोक यावरून म्हणतात की बघा किती ढोंगी होते, मला नाही तसं वाटत. भीती वाटली की माणूस चांगलंही वागतो आणि ताईतही बांधतो, दोन्ही करतो.

बाकी गुंडाळीत इतक्या बारीकसारीक भीत्या आहेत की वाचताना हसू येतं आणि मग थोडं वाईटही वाटतं. मुंडकं कापलं जाऊ नये म्हणून मंत्र. खाली डोकं वर पाय करून चालायला लागू नये म्हणून, कारण पाताळ उलटं असलं तर? विष्ठा खायला लागू नये म्हणून. मंत्र चोरायला येणाऱ्या मगरीला हाकलायला मंत्र, म्हणजे मंत्र चोरीला जाऊ नये म्हणून मंत्र. आणि एक किड्यासाठी, 'चल हो बाजूला, वाकड्या ओठाच्या' म्हणून, शेजारी चित्रात माणूस भाला घेऊन त्या किड्याच्या मागे. चांगलेही आहेत, ससाणा व्हायचा, भिंगरी पक्षी व्हायचा, कमळ व्हायचा.

पास झालात की लव्हाळ्याच्या शेतात. त्यांचा स्वर्ग म्हणजे शेतच, पाटाचं पाणी, बैल, खजूर, तिथे जव पाच हात उंच, त्यात दोन हाताचं कणीस आणि तीन हाताचं ताट. खपली गहू त्याहून उंच, सात हात. हो, आपल्याकडे सांगली साताऱ्याकडे खीर करतात तोच खपली, इजिप्तमध्ये मुख्य गहू तोच होता. दैर अल मदीना या कारागिरांच्या गावात सेन्नेजेम म्हणून एकाचं थडगं १८८६ मध्ये सापडलं, त्याच्या भिंतीवर तो आणि त्याची बायको या शेतात काम करतायत, तो विळ्याने कापतोय, नांगर धरतोय, ती मागून बी टाकतेय, आणि दोघांच्या अंगावर लग्नाला निघाल्यासारखे पांढरेशुभ्र चुण्यांचे कपडे. चिखलाचा एक डाग नाही. ते बघून कळतं की चित्र काढणाऱ्याने शेती लांबूनच बघितली होती.

पण स्वर्गातही काम करावं लागणार हे काही सगळ्यांना पटलेलं नव्हतं. म्हणून शाब्ती. छोट्या बाहुल्या, हातात कुदळी, पाठीवर टोपली, अंगावर ६ नंबरचा मंत्र, की हे शाब्ती, मला शेत कसायला, पाणी द्यायला, वाळू पूर्वेकडून पश्चिमेला न्यायला बोलावलं तर तू म्हणायचंस 'हजर'. वेठबिगारीला आपल्या नावावर दुसऱ्याला पाठवायची सोय. तुतानखामेनच्या थडग्यात ४१३ शाब्ती निघाले, ३६५ मजूर, रोज एक. त्यांचा आठवडा दहा दिवसांचा म्हणून दर दहा मजुरांवर एक असे ३६ मुकादम. आणि वर महिन्याला एक असे आणखी १२ वरिष्ठ मुकादम. मेल्यावरही मस्टर सुटलं नाही.

राजांसाठी पुढे आणखी वेगळे ग्रंथ आले, त्यातला मला आवडतो तो अमदुआत, म्हणजे 'पाताळात जे आहे ते'. तिसऱ्या थुतमोस राजाच्या थडग्यातल्या दालनाची भिंत अंडाकृती आहे आणि त्यावर अक्षरं नि माणसं काडीच्या चित्रांसारखी काढलीयत, जणू भलीमोठी गुंडाळीच भिंतीला लावलीय. त्यात सूर्य, म्हणजे रा, मावळल्यावर रात्रीच्या १२ तासांत काय करतो ते तासातासाने आहे. चौथ्या पाचव्या तासाला पाणीच नाही, नुसती वाळू, होडी ओढत न्यायची. सहाव्याला, ऐन मध्यरात्री, रा आणि ओसायरिसचा देह एकमेकांना भेटतात. सातव्याला अपेप नावाचा अजगर वाट अडवतो, त्याला मंत्राने गारद करायचं. आणि शेवटच्या तासाला होडी एका लांबलचक सापाच्या शेपटीतून आत शिरते आणि तोंडातून बाहेर पडते. आत जाताना सगळे म्हातारे, बाहेर येताना तरणे, आणि पहाटे सूर्य भुंग्याच्या रूपात वर.

आता हे सगळं वाचून वाटतं की झाडून सगळ्यांचा यावर विश्वास होता. तसं नव्हतं. त्यांच्याकडे हार्प वाजवणाऱ्याची म्हणून गाणी आहेत, थडग्याच्या भिंतींवरच कोरलेली, बहुतेकदा चित्रात एक आंधळा म्हातारा बसून तारा छेडतोय. एका गाण्याचा अर्थ असा, तिकडून कुणी परत आलेलं नाही त्यांचं कसं चाललंय ते सांगायला, कुणी आपलं सामान बरोबर नेलेलं नाही, तेव्हा डोक्याला सुगंधी तेल लाव, चांगलं नेस आणि मजा कर. थडग्यात, बरं का! शाब्ती आणि पाव आणि बदक ठेवलेल्या खोलीच्या परंपरेत.

आणि थीब्जला, म्हणजे आजच्या लक्सरजवळ, नेफरहोतेप म्हणून एका पुजाऱ्याचं थडगं आहे, त्यात अशीच गाणी आहेत. एकात तो म्हणतो, जुन्या थडग्यांतली ती गाणी मी ऐकलीयत, या जगाचं कौतुक नि त्या जगाची हेटाळणी करणारी, त्या देशाला असं का बोलावं जिथे भांडण नाही, जिथे आपले सगळे नातेवाईक आधीच गेलेत. आणि त्याच थडग्यात दुसऱ्या भिंतीवर सरळ मजा करून घे म्हणणारं गाणंही आहे. त्याने दोन्ही कोरून घेतली.